रामजी सुभेदारांचा शेवटचा वर्ग

स्मरणिकेसाठी शाळेची एखादी आठवण लिहून पाठव, असा ग्रुपवर निरोप आला तेव्हा मला गॅदरिंग किंवा सहल आठवली नाही. आठवला तो सातवीतला एक फसलेला तास. आपल्या बॅचमधल्या बऱ्याच जणांना तो आठवत असेल.

डी.एड.चे छात्राध्यापक आपल्या शाळेत सराव पाठ घ्यायला यायचे. हातात पाठ टाचणाची वही, काखेत गुंडाळलेला तक्ता आणि चेहऱ्यावर धाकधूक. मागच्या बाकावर त्यांचे मार्गदर्शक सर निरीक्षण वही उघडून बसायचे. आपल्याला मात्र ते दिवस म्हणजे निव्वळ मजा वाटायची.

त्या दिवशीच्या बाईंना इतिहासाचा पाठ दिला होता, चवदार तळ्याचा सत्याग्रह. ज्या तळ्यावरून आपण रोज ये-जा करायचो, त्याचीच माहिती त्या पाठ केल्यासारखी सांगत होत्या. मध्येच खिळ्यावरचा तक्ता खाली पडला. बाई गडबडल्या, सनावळ्या चुकल्या. वर्गात हशा पिकला. पहिल्यांदा हसले ती मी होते, हे आज कबूल करते. तास संपल्यावर व्हरांड्यात सर त्यांना वहीतलं काहीतरी दाखवत होते आणि बाई पदराने डोळे पुसत ऐकत होत्या.

दुसऱ्या दिवशी बाई पुन्हा आल्या. या वेळी तक्ता नव्हता. आल्या आल्या त्यांनी विचारलं, अभ्यासासाठी तुम्हाला घरी किती वाजता उठवतात? कोणी पाच म्हणालं, कोणी सहा. मग त्यांनी एका वडिलांची गोष्ट सांगितली, जे आपल्या मुलाला रात्री दोन वाजता उठवायचे. वर्ग चिडीचूप झाला. त्या वडिलांचं नाव रामजी सुभेदार, बाबासाहेब आंबेडकरांचे वडील. पुढे मी त्यांच्याविषयी मिळेल ते वाचत गेले. आज त्यांच्याविषयीच लिहिते आहे.

रामजी मालोजी सकपाळ हे मूळचे आंबडव्याचे. हे गाव आपल्या शेजारच्या मंडणगड तालुक्यात. घराणं कबीरपंथी. वडील मालोजी लष्करात होते, रामजीही लष्करात गेले. त्या काळी महार समाजाच्या मुलाला गावच्या शाळेत बसणं अवघड होतं, पण पलटणीत शिपायांच्या आणि त्यांच्या मुलांच्या शिक्षणाची सोय होती. त्या शाळांना शिक्षक हवे असत आणि ते तयार करण्यासाठी पुण्यात लष्कराचं नॉर्मल स्कूल होतं. रामजी तिथे शिकून शिक्षक झाले.

नॉर्मल स्कूल म्हणजे आजच्या डी.एड. कॉलेजचं जुनं रूप. स्वतःला विषय येणं आणि तो दुसऱ्याला शिकवता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या शाळांमागचं मूळ सूत्र. शिकवणं हे पोहण्यासारखं आहे, पुस्तक वाचून येत नाही. आधी जाणत्या शिक्षकाचा वर्ग बघायचा, मग स्वतः वर्गापुढे उभं राहायचं, आणि जाणत्याने ते बघून काय चुकलं ते सांगायचं. आपल्या वर्गात मागच्या बाकावर बसलेले सर हेच करत होते.

रामजी पुढे चौदा वर्षं लष्करी शाळेचे मुख्याध्यापक होते. सुभेदाराच्या हुद्द्यापर्यंत ते पोचले. महूच्या छावणीत १४ एप्रिल १८९१ रोजी भीमाबाईंच्या पोटी त्यांचं चौदावं अपत्य जन्मलं, ते भीमराव. १८९४ च्या सुमारास रामजी निवृत्त झाले आणि कुटुंब घेऊन कोकणात दापोलीला आले. याच सुमारास सरकारने महारांची लष्करभरती बंद केली. म्हणजे ज्या वाटेने रामजी स्वतः शिकले, ती वाटच पुढच्या मुलांसाठी बंद झाली. न्यायमूर्ती रानड्यांच्या मदतीने त्यांनी या बंदीविरुद्ध सरकारकडे अर्ज केला. बंदी काही उठली नाही.

पुढे नोकरीसाठी ते साताऱ्याला गेले. भीम जेमतेम पाच-सहा वर्षांचा असताना भीमाबाई गेल्या. ७ नोव्हेंबर १९०० रोजी रामजींनी मुलाचं नाव साताऱ्याच्या सरकारी शाळेत घातलं. हाच दिवस आता महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. त्या शाळेत मुलाला घरून नेलेल्या गोणपाटावर वेगळं बसावं लागे. तहान लागली तर नळाला हात लावायची मुभा नव्हती. शिपाई नसला तर पाणी नाही.

१९०१ साली रामजी खटाव तालुक्यात गोरेगावला रोखपाल होते. दुष्काळात लोकांना काम मिळावं म्हणून सरकार तिथे तलाव खोदत होतं. सुट्टीत मुलं त्यांना भेटायला निघाली, पण येत असल्याचं पत्र त्यांच्यापर्यंत पोचलं नाही आणि मसूर स्टेशनवर घ्यायला कोणी आलं नाही. जात कळल्यावर गाडीवाले तयार होईनात. दुप्पट भाड्याने एक बैलगाडी मिळाली, पण रात्रभर त्या मुलांना वाटेत कुणी पिण्याचं पाणी दिलं नाही. बाप तलावाच्या कामाचे पैसे मोजत होता आणि त्याच्याकडे निघालेली लेकरं तहानलेली होती. हा प्रसंग बाबासाहेबांनी पुढे स्वतः लिहून ठेवला आहे.

१९०४ मध्ये कुटुंब मुंबईला आलं. परळच्या डबक चाळीत एकच खोली. तीच राहायची, स्वयंपाकाची, अभ्यासाची. तुटपुंजं पेन्शन. या खोलीत रामजींनी आपला शेवटचा वर्ग चालवला. रात्री मुलाला लवकर झोपवायचं, आपण जागं राहायचं, दोन वाजता त्याला उठवायचं आणि मग त्याच जागेवर आपण आडवं व्हायचं. हॉवर्डची इंग्रजी पुस्तकं आणि तर्खडकरांची भाषांतर पाठमाला त्यांनी मुलाकडून घोटून घेतली. मराठी शब्दाला नेमका इंग्रजी शब्द कोणता, हे ते त्याच्याकडूनच शोधून घ्यायचे. मुलाचा ओढा अवांतर वाचनाकडे. ते त्यांना फारसं पसंत नव्हतं, तरी पुस्तक मागितलं की पैसे उभे करायचे. हातात नसले तर लेकींकडे जायचे, त्यांचा दागिना गहाण ठेवायचे आणि पेन्शन आली की सोडवून द्यायचे.

१९०७ मध्ये भीमराव मॅट्रिक झाले, पुढे बी.ए. झाले. १९१३ च्या जानेवारीत बडोद्याला नोकरीवर रुजू झाले, तोच वडील आजारी असल्याची तार आली. वाटेत सुरतला वडिलांसाठी बर्फी घ्यायला ते उतरले आणि गाडी चुकली. दुसऱ्या दिवशी घरी पोचले तेव्हा रामजी शेवटच्या घटका मोजत होते. २ फेब्रुवारी १९१३ रोजी ते गेले. त्याच वर्षी मुलगा अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात दाखल झाला. ते बघायला बाप नव्हता.

आणि १९२७ च्या मार्चमध्ये तो मुलगा आपल्या महाडात आला. १९ आणि २० मार्चला परिषद झाली. अध्यक्षीय भाषणात त्यांनी लष्करी पेन्शनरांच्या जुन्या दापोलीची आणि पलटणीमुळे समाजाला मिळालेल्या शिक्षणाची आठवण काढली. २० तारखेला हजारो लोक रांगेने चवदार तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. पाण्याच्या हक्काचा खटला चालला तो थेट १९३७ च्या हायकोर्टाच्या निकालापर्यंत.

आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात नव्या मुलाने लिहिलेलं काम जुन्या माणसाने ओळ न् ओळ तपासायची पद्धत आहे. मी रोज ते करते. समोरचं पोरगं चुकून कावरंबावरं झालं की मला व्हरांड्यातल्या त्या बाई दिसतात. त्यांचं नावसुद्धा मी तेव्हा विचारलं नाही. पण पडलेला तक्ता बाजूला ठेवून दुसऱ्या दिवशी पुन्हा वर्गावर येणं हे त्यांनी आपल्यासमोर करून दाखवलं. कुणीतरी मागे बसून बघितलं, नीट सांगितलं, म्हणून ते जमलं.

रामजींचाही पहिला तास कुणीतरी असाच मागे उभं राहून बघितला असेल. त्यांची शाळा सुटली, भरती बंद झाली, पण शिकवण्याचं कसब राहिलं आणि चाळीतल्या एका खोलीतून ते आपल्या तळ्यापर्यंत पोचलं.

मेळाव्याच्या दिवशी आपण सगळे तळ्यावर जाणारच आहोत. माझं एक सुचवणं आहे. शाळेत आजही कुणी सराव पाठ घ्यायला येत असतील, तर त्यांच्यासाठी आपल्या बॅचकडून चांगले फळे, नकाशे, पुस्तकं द्यावीत. आणि आपल्या मुलांना एवढं सांगावं, की नव्या बाईंचा तक्ता पडला तर हसू नका, उठून उचलून द्या.