लहान कृत्यांतील थोर प्रीती : बाळ येशूची संत तेरेजा

१८९७ च्या उन्हाळ्यात फ्रान्समधील लिज्यू येथील कार्मेल मठात चोवीस वर्षांची एक धर्मभगिनी क्षयरोगाने अंथरुणाला खिळली होती. कार्मेल मठांच्या प्रथेनुसार एखादी भगिनी निवर्तली की तिच्या जीवनाचा वृत्तांत लिहून तो इतर मठांना पाठविला जात असे. ह्या तरुण भगिनीविषयी मठमाता काय बरे लिहिणार, असा प्रश्न सोबतच्या एका भगिनीला पडला. ही मठात आली, राहिली आणि आता जाणार. सांगण्यासारखे तिच्या आयुष्यात काही घडलेच नाही, असे तिचे प्रामाणिक मत होते. आज ख्रिस्तसभा दरवर्षी १ ऑक्टोबर रोजी त्याच भगिनीचा सण साजरा करते. बाळ येशूच्या संत तेरेजेचे चरित्र आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत ते त्या भगिनीच्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठीच.

तेरेजेचा जन्म २ जानेवारी १८७३ रोजी नॉर्मंडीतील आलांसों ह्या शहरी झाला. वडील लुई मार्तें घड्याळजी, तर आई झेली लेस विणून घेण्याचा व्यवसाय करणारी. त्यांच्या नऊ अपत्यांपैकी पाच मुलीच जगल्या व तेरेजा त्यांत सर्वांत धाकटी. ती साडेचार वर्षांची असताना आई कर्करोगाने वारली आणि वडील मुलींना घेऊन लिज्यूला राहावयास गेले. थोरली बहीण पोलिन हिला तेरेजेने आई मानले. परंतु १८८२ साली तीही कार्मेल मठात दाखल झाली. ह्या आघातांनी तेरेजा कमालीची हळवी झाली. कोणी शब्द बोलले की तिचे डोळे भरून येत आणि रडल्याचेही तिला रडू येई.

१८८६ च्या नाताळच्या रात्री ह्या हळवेपणातून तिची सुटका झाली. मध्यरात्रीची मिस्सा आटोपून कुटुंब घरी परतले होते. चुलीपाशी ठेवलेल्या बुटांत लहानग्यांसाठी भेटवस्तू ठेवण्याची तेथील रीत. थकलेल्या वडिलांनी, हे आता शेवटचेच वर्ष, अशा अर्थाचे काही त्रासिक उद्गार काढले. जिन्यावर असलेल्या तेरेजेच्या ते कानी पडले. आता ही रडणार, हे ओळखून बहीण सेलिन तिला खाली जाऊ नकोस म्हणून विनवू लागली. परंतु तेरेजेने अश्रू गिळले, ती खाली आली आणि एकेक भेटवस्तू काढून वडिलांना आनंदाने दाखवू लागली. वडीलही हसू लागले. वरवर पाहता प्रसंग तो केवढा! तरीही पुढे तिने ह्याच रात्रीला आपल्या परिवर्तनाची रात्र मानले. आपल्या दुखावलेल्या मनापेक्षा वडिलांचा आनंद तिला मोठा वाटला आणि तिच्या ‘लहान मार्गा’चे बीज रुजले.

वयाच्या पंधराव्या वर्षी, ९ एप्रिल १८८८ रोजी, तिने कार्मेल मठात प्रवेश केला. मठात सुमारे पंचवीस भगिनी होत्या. निरनिराळ्या वयांच्या आणि स्वभावांच्या ह्या स्त्रियांना एकाच छपराखाली जन्मभर राहावयाचे होते. मठ म्हणजे स्वर्ग, अशी अनेकांची समजूत असते. तेरेजेला तेथे माणसेच भेटली, आणि आम्हांला वाटते की तिच्या पावित्र्याचे रहस्य येथेच दडलेले आहे.

संत पीटर हे नाव धारण केलेली एक वृद्ध, आजारी भगिनी मठात होती. रोज सायंकाळी सहाला दहा मिनिटे कमी असताना प्रार्थनेतून उठवून तिला भोजनगृहात न्यावे लागे. तिला खूश ठेवणे अवघड, हे ठाऊक असूनही तेरेजेने हे काम मागून घेतले. वेळ झाली की वृद्धा आपले वाळूचे घड्याळ हलवी. मग तिचे बाक विशिष्ट पद्धतीने उचलायचे आणि कमरपट्टा धरून तिच्या मागून चालायचे. पाऊल अडखळले तर तेरेजेने नीट धरले नाही अशी तक्रार. फार हळू चालले तर हात लागत नाही म्हणून भीती. भोजनगृहात पोहोचल्यावर बाह्या दुमडून दिल्या की काम संपे. परंतु दुखऱ्या हातांनी तिला पाव कापणे जमत नाही, हे तेरेजेच्या ध्यानात आले. तेव्हापासून पाव कापून दिल्याशिवाय आणि एक प्रसन्न स्मित केल्याशिवाय ती हलत नसे. न मागता मिळालेल्या ह्या सेवेने त्या वृद्धेचे मन जिंकले.

कपडे धुताना समोरची भगिनी रुमाल आपटी तेव्हा मळक्या पाण्याचे शिंतोडे तेरेजेच्या तोंडावर उडत. मागे सरून चेहरा पुसावा, म्हणजे समोरचीला समजेल, असे तिला प्रथम वाटले. मग तिने ते शिंतोडे मुकाट्याने स्वीकारले. आणखी एक भगिनी अशी होती की तिची प्रत्येक गोष्ट तेरेजेला खटके. तिच्यासाठी तेरेजा प्रार्थना करी आणि शक्य ती मदत करी. उलट उत्तर ओठांवर आले की हसून विषय बदली आणि तेही जमेनासे झाले तर चक्क तेथून पळ काढी. एके दिवशी त्या भगिनीनेच विचारले की, मला पाहताच तुम्ही नेहमी हसता, तर माझ्यात तुम्हांला एवढे काय आवडते?

हे प्रसंग वाचून आपल्यापैकी कोणाला हसू येईल. परंतु आपले घर, शेजार आणि धर्मग्राम डोळ्यांपुढे आणा. वर्षानुवर्षे न बोलणारे भाऊ, एकाच बाकावर बसून एकमेकांकडे न पाहणारे भाविक, तेच तेच गाऱ्हाणे सांगणारी वृद्ध आई! मोठे दान आपण एकदा देतो आणि लोकांची वाहवा मिळवितो. रोजच्या शिंतोड्यांचे मात्र कोणी कौतुक करीत नाही. म्हणूनच ते सोसणे अधिक कठीण आहे.

तेरेजेची ही प्रीती मनाला गोड वाटत होती म्हणून टिकली, असे कोणी समजू नये. १८९६ च्या पवित्र गुरुवारच्या रात्री तिला रक्ताची पहिली उलटी झाली. लगेचच्या पुनरुत्थान काळात तिच्या अंतःकरणावर दाट अंधार पसरला. स्वर्ग आहे की नाही, ह्या शंकेने तिला घेरले आणि हा अंधार मृत्यूपर्यंत पुरता सरला नाही. प्रीतीविषयीची तिची सर्वांत सुंदर पाने ह्याच काळातली, १८९७ च्या जूनमधली आहेत. मठमातेच्या आज्ञेवरून ती आजारी वडिलांच्या चाकांच्या खुर्चीत बागेत बसून लिहीत असे आणि येणारीजाणारी प्रत्येक भगिनी काहीतरी बोलावयास थांबत असे. प्रीतीवर लिहिता लिहिता तिला वही बाजूला ठेवून प्रीती करावी लागे. शेवटची पाने तर पेन धरवेना म्हणून तिने पेन्सिलीने लिहिली. श्रद्धेचा प्रकाश दिसत नसतानाही ती श्रद्धेने वागत राहिली. आमच्या मते, हाच तिच्या जीवनाचा गाभा आहे.

३० सप्टेंबर १८९७ रोजी तिने देह ठेवला. पुढील वर्षी ‘एका आत्म्याची कहाणी’ ह्या तिच्या आत्मकथनाच्या दोन हजार प्रती निघाल्या आणि पाहता पाहता ते जगभर पोहोचले. १७ मे १९२५ रोजी पोप पायस अकरावे ह्यांनी तिला संतपद बहाल केले. १९२७ मध्ये मठाबाहेर मिशनकार्यासाठी कधीही न गेलेल्या ह्या भगिनीला मिशनकार्याची आश्रयदाती घोषित करण्यात आले. हा मान तिला लाभला तो गोव्यात ज्यांचे पवित्र शरीर विसावले आहे त्या संत फ्रान्सिस झेवियर ह्यांच्या बरोबरीने. एकाने समुद्र ओलांडले, तर दुसरीने प्रार्थनागृहापासून भोजनगृहापर्यंतची वाट तुडविली. ख्रिस्तसभेने दोघांना एकाच पंक्तीत बसविले. १९९७ साली पोप जॉन पॉल दुसरे ह्यांनी तिला ख्रिस्तसभेची धर्मपंडिता म्हणून गौरविले आणि २०१५ मध्ये तिचे आईवडीलही संत म्हणून घोषित झाले.

तिच्याविषयी लिहिण्यासारखे काय, ह्या प्रश्नाचे उत्तर असे मिळाले. तिने अश्रू गिळले, पाव कापून दिला, शिंतोडे सोसले आणि नावडत्या माणसाकडे पाहून स्मित केले. प्रिय भाविकहो, ह्यांपैकी एकही गोष्ट आपल्या आवाक्याबाहेरची नाही. आज रात्रीच्या जेवणाला बसण्यापूर्वी आपल्याच घरातील एका माणसापासून आपण सुरुवात करू या.