रानातील एक उन्हाळा

अमेरिकेचे अध्यक्ष अब्राहाम लिंकन यांनी सन १८६३ त बंडखोर संस्थानांतील गुलामांच्या मुक्ततेचा जाहीरनामा काढला, हे आमच्या बहुतेक वाचकांस ठाऊक आहे. आज आम्ही त्यांच्या बाळपणातील एका उन्हाळ्याविषयी लिहीत आहो. गुरे राखून राहणाऱ्या आमच्या बंधुभगिनींस तो अधिक जवळचा वाटेल.

बाप थॉमस सुतारकाम व शेती करी. सन १८१६ च्या अखेरीस तो केंटकी सोडून, बायको नॅन्सी, मुलगी सारा व सात वर्षांचा अब्राहाम यांसह, ओहायो नदीपलीकडे इंडियानातील लिटल पिजन क्रीक या ओढ्याच्या वस्तीत गेला. सभोवार घोर अरण्य. अस्वले व लांडगे हेच शेजारी. मुलगा वयाच्या मानाने थोराड, म्हणून लगेच त्याच्या हाती कुऱ्हाड आली. आठ वर्षे पुरी होण्यापूर्वी त्याने झोपडीच्या फटीतून बंदुकीने एक रानटी टर्की पक्षी मारला. पुढे त्याहून मोठ्या सावजावर त्याने कधी गोळी झाडली नाही.

सन १८१८ चा उन्हाळा आला. (तिकडे तो आपल्या आषाढ-श्रावणात पडतो.) झाडे तोडावी, झुडपे काढावी, मोकळ्या झालेल्या जमिनीत मका करावा, हाच नऊ वर्षांच्या मुलाचा क्रम. गुरे रानात मोकळी चरत. उन्हाळा सरता सरता चारा कमी झाला, की ती सावलीत वाढणारी पांढऱ्या फुलांची एक विषारी वनस्पती खात. ते विष दुधात उतरे. गुरांस कापरे भरे आणि दूध पिणारी माणसे मरत. लोक त्यास दुधाचा आजार म्हणत. विषाचा उलगडा शास्त्रज्ञांस विसाव्या शतकात झाला. प्यायला दिलेले दूधच घरात मृत्यू आणील, हे त्या बिचाऱ्यांनी कसे ओळखावे?

सप्टेंबरात जवळच राहणारे नॅन्सीचे मावसा-मावशी, थॉमस व एलिझाबेथ स्पॅरो, मरण पावले. नंतर नॅन्सी आजारी पडली, आणि ५ आक्टोबर रोजी तिने देह ठेवला. बापाने पेटी केली. पेटीच्या लाकडी खुंट्या अब्राहामाने तासून दिल्या, असे सांगतात. घराजवळच्या टेकाडावर तिला पुरले. पाळक हजर नव्हता. पुढे एक फिरता उपदेशक आला तेव्हा कबरेपाशी उपासना झाली, अशी आठवण त्या भागात राहिली. ज्या मंडळ्यांस पाळक वर्षातून एकदोनदाच भेटतो, त्यांस यातील दुःख समजावून सांगावयास नको.

त्या हिवाळ्यात अकरा वर्षांची सारा चूल सांभाळी. डिसेंबर १८१९ त बापाने केंटकीत सारा बुश जॉन्स्टन या विधवेशी लग्न केले. ती आपली तीन मुले घेऊन आली आणि सावत्र मुलास वाचनाची मोकळीक दिली. सावत्र आईविषयी आपल्याकडे जे सहज बोलले जाते, ते येथे लागू पडत नाही. त्याची शाळा सारी मिळून वर्षभराचीही झाली नाही. बायबल त्याच्या चांगल्या परिचयाचे झाले. मात्र तो कोणत्याही मंडळीचा सभासद कधी झाला नाही, हेही आम्ही लपवीत नाही.

सन १८६५ त लिंकन मारले गेले. त्यांच्या आईच्या कबरेवर आज दिसणारी शिळा सन १८७९ त बसविण्यात आली.