‘राणा भीमदेवी थाट’ म्हणतात तो आवाज नेमका कुणाचा होता?

सभेत एखादा पुढारी मूठ आवळून गरजायला लागला की आपण म्हणतो, काय राणा भीमदेवी थाटात बोलतोय! हा थाट मराठीत आला तो ‘राणा भीमदेव’ या नाटकातून. शाहूनगरवासी नाटक मंडळीने ते गाजवलं आणि त्यातला भीमदेव उभा केला गणपतराव जोशी यांनी.

गणपतरावांचा जन्म 1867 चा. ते तरुण होते तेव्हा सगळीकडे हवा होती संगीत नाटकांची. 1880 मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ आलं आणि लोकांना पदांचं वेडच लागलं. अशा काळात शाहूनगरवासी मंडळी गद्य नाटकं करत होती. पद नाही, पेटी नाही, वन्समोअर घेणारी तान नाही. प्रेक्षक धरून ठेवायचा तो फक्त बोलण्यावर.

त्यात तेव्हा माईकही नव्हता. शेवटच्या रांगेतल्या माणसालाही शब्द ऐकू जायला हवा. भीमदेवाचं ठीक आहे, तो गरजतोच. पण हॅम्लेटचं काय?

आगरकरांनी हॅम्लेट मराठीत आणलं, ते ‘विकारविलसित’ या नावाने. त्यातला चंद्रसेन स्वतःशीच बोलतो. जगावं की मरावं, या विचाराने तो पोखरलेला आहे. ही स्वगतं ओरडून म्हटली तर त्यातलं दुःखच मरतं, आणि पुटपुटली तर मागच्यांना काही कळत नाही. इथे श्वास पुरवून वापरावा लागतो, शब्दाचा शेवट गिळून चालत नाही आणि कुठे थांबायचं तेही ठरवावं लागतं. गणपतरावांचा चंद्रसेन गाजला तो याच कसोटीवर.

त्यांना घडवण्यात मोठा वाटा गोविंद बल्लाळ देवलांचा. ‘शारदा’ लिहिणारे देवल नाटकाची तालीम देण्यातही वाकबगार होते. त्यांनी ऑथेल्लोवरून लिहिलेल्या ‘झुंजारराव’मध्येही गणपतरावच नायक होते. तिथे प्रेमाने भिजलेला आवाज संशयाने हळूहळू कडवट होत जायला हवा.

1922 मध्ये गणपतराव गेले. पहिला मराठी बोलपट आला 1932 मध्ये, म्हणजे त्यानंतर दहा वर्षांनी. चंद्रसेनाचं ते हळवं बोलणं ऐकणाऱ्यांबरोबरच संपलं. भाषेत उरली ती फक्त भीमदेवाची गर्जना, आणि तीही आज आपण चेष्टेतच वापरतो.