खाशाबा जाधव : अन्यायाला आखाड्यात उत्तर देणारा मल्ल

दि. १५ जानेवारी हा दिवस आता महाराष्ट्रात राज्य क्रीडा दिन म्हणून पाळला जातो. स्वतंत्र भारताला ऑलिम्पिकमधील पहिले वैयक्तिक पदक मिळवून देणारे मल्ल खाशाबा दादासाहेब जाधव यांचा तो जन्मदिवस. कराड, सातारा, सांगली या परिसरात आपली ख्रिस्ती कुटुंबे संख्येने थोडी असली, तरी खाशाबांचे नाव तेथील प्रत्येक घराला आपलेच वाटते. मात्र त्यांचे चरित्र बहुधा पदकाच्या एका वाक्यात आटोपले जाते. त्या पदकाआधी काय घडले व नंतर काय घडले, हे आज विशेष वाचण्याजोगे आहे. कारण क्रीडाक्षेत्राची बातमी वाचावयास घेतली की खेळापेक्षा निवडीचे वाद, महासंघांच्या खुर्च्या, न्यायालयीन दावे आणि घोषणा यांचीच गर्दी दिसते.

खाशाबांचा जन्म १९२६ साली कराडलगतच्या गोळेश्वर या गावी झाला. पाच भावंडांत ते सर्वांत धाकटे. वडील दादासाहेब हे स्वतः नावाजलेले पैलवान असल्याने घरात तालमीची शिस्त होती. तांबडी माती, त्यात मुरवलेले ताक, तेल व हळद, पहाटेचा जोर-बैठकांचा व्यायाम, वस्तादांचा शब्द अखेरचा, अशा वातावरणात ते वाढले. गावोगावच्या जत्रांच्या फडात त्यांनी लहान वयातच कुस्त्या मारल्या. कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये त्यांचे शिक्षण झाले. यशवंतराव चव्हाण हेही याच शाळेचे विद्यार्थी. १९४२ च्या आंदोलनात भूमिगतांना आसरा देणे, निरोप पोचविणे अशी कामे या शाळकरी मुलाने केली. पुढे ते कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात दाखल झाले. बाबुराव बलवडे व बेलापुरे गुरुजी यांनी त्यांना घडविले.

त्यांची अंगकाठी लहानखुरी होती. महाविद्यालयीन स्पर्धांसाठी नाव द्यावयास गेले असता क्रीडाशिक्षकांनी त्यांना घेण्यास नकार दिला, असे सांगतात. प्राचार्य बॅरिस्टर खर्डेकर यांच्या सांगण्यावरून त्यांना संधी मिळाली आणि त्यांनी आपल्याहून थोराड मल्लांना अस्मान दाखविले. ढाक हा त्यांचा हुकमी डाव होता.

कोल्हापूरच्या महाराजांच्या साहाय्याने ते १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकला गेले. तेथे त्यांच्यापुढे प्रतिस्पर्ध्याइतकाच अनोळखी असा एक विरोधक उभा होता, तो म्हणजे मॅट. ज्याने आयुष्यभर मातीत पाय रोवले त्याला गादीवर तोल सांभाळणे नवे होते. आपल्याकडे चीतपट झाली की कुस्ती संपते. तेथे गुणांचा हिशेब होता, वेळेची मर्यादा होती, पंचांचे नियम निराळे होते. अमेरिकेचे माजी विजेते रीस गार्डनर यांनी त्यांना तेथे मार्गदर्शन केले आणि या नवख्या मल्लाने फ्लायवेट गटात सहावा क्रमांक मिळविला. कराडला परतल्यावर पुढील चार वर्षे त्यांनी परक्या नियमांचा अभ्यास केला. हरलो म्हणून नियमांनाच दोष देण्याची वाट त्यांनी धरली नाही.

१९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकसाठी निवड झाली तेव्हा मात्र गोष्ट केवळ खेळाची राहिली नाही. मद्रास येथील स्पर्धेत आपले गुण जाणूनबुजून कापले गेले व त्यामुळे आपण निवडीतून वगळलो गेलो, अशी खाशाबांची तक्रार होती. वशिलेबाजीचा हा आरोप गंभीर होता आणि तो करणारा एका शेतकरी घरातील तरुण होता. त्याच्या मागे ना संस्था होती, ना पुढारी. पतियाळाचे महाराज यादविंद्र सिंग हे त्या वेळी भारतीय ऑलिम्पिक संघटनेचे अध्यक्ष होते. खाशाबांनी थेट त्यांच्याकडे दाद मागितली. महाराजांना कुस्तीची जाण होती. त्यांनी पुन्हा लढत लावण्याचा निर्णय दिला. प्रतिस्पर्धी निरंजन दास यांच्याशी कुस्ती झाली आणि खाशाबांनी ती निर्विवाद जिंकली.

या प्रसंगापाशी थोडे थांबावेसे वाटते. गुणवंताची जागा वशिल्याने दुसऱ्याला देणे हा कारभारातील किरकोळ दोष आहे, असे आपण सहज म्हणून जातो. ख्रिस्तसभेची शिकवण पाहता ते सातव्या आज्ञेचे उल्लंघन आहे. पैशाचे पाकीट चोरणारा पकडला जातो, परंतु कोणाच्या चार वर्षांच्या मेहनतीची चोरी करणारा समितीच्या टेबलाशी सन्मानाने बसतो. खाशाबांनी अन्याय मुकाट्याने गिळला नाही. तसेच आपल्याला सूट द्या, कोटा द्या, सहानुभूती द्या, असेही ते म्हणाले नाहीत. त्यांनी एक लढत मागितली. ज्या अधिकारपदाने चूक केली, त्याच व्यवस्थेतील वरिष्ठाकडे जाऊन त्यांनी तिला तिचेच नियम पाळावयास लावले. आमच्या मते अधिकाराचा आदर राखण्याची याहून चांगली रीत नाही.

अशी लढत प्रत्येकाला मिळतेच असे नाही. २०१६ साली रिओ ऑलिम्पिकच्या ७४ किलो गटासाठी सुशील कुमार यांनी नरसिंग यादव यांच्याविरुद्ध चाचणी कुस्तीची मागणी केली, ती दिल्ली उच्च न्यायालयात गेली व फेटाळली गेली. कोटा मिळविला होता तो तीन वेळा महाराष्ट्र केसरी झालेल्या नरसिंग यांनी. पुढे उत्तेजक द्रव्याच्या प्रकरणात त्यांच्यावरच चार वर्षांची बंदी आली आणि त्या गटात भारताचा मल्ल उतरलाच नाही. २०२३ साली तर महिला मल्लांना दिल्लीच्या रस्त्यावर बसावे लागले. त्या आंदोलनाला राजकारणाचा रंग चढला, हे खरे. खेळाडूंनी पक्षांच्या व्यासपीठापासून दूर राहावे, असेच आम्हांस वाटते. पण स्त्रीच्या देहाची प्रतिष्ठा हा पक्षीय विषय नव्हे. आरोपांचा निवाडा न्यायालय करील. परंतु तक्रार ऐकणारा एकही विश्वासू वडीलधारा संघटनेत नसावा, ही लाजिरवाणी गोष्ट आहे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये निवडणुका वेळेवर न घेतल्यामुळे जागतिक संघटनेने भारतीय कुस्ती महासंघाला निलंबित केले. खाशाबांना निदान दार ठोठावण्याजोगे एक घर सापडले होते.

निवड तर झाली, पण पैसे कोठून आणावयाचे? गोळेश्वरच्या ग्रामस्थांनी घरोघर फिरून वर्गणी जमविली. खाशाबा स्वतः पावत्या घेऊन हिंडले. तरीही रक्कम अपुरी पडली. तेव्हा प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. महाविद्यालयाच्या एका माजी विद्यार्थ्यासाठी, जो जिंकेल याची काही शाश्वती नव्हती, स्वतःच्या कुटुंबाच्या डोक्यावरचे छप्पर पणास लावणारा शिक्षक! आज प्रायोजक खेळाडूच्या छातीवर आपले नाव छापतात. खर्डेकरांचे नाव कोणत्याही बनियनवर नव्हते.

हेलसिंकीत खाशाबा फ्रीस्टाइलच्या बँटमवेट गटात, म्हणजे ५७ किलोखालील वजनात उतरले. कॅनडा, मेक्सिको व जर्मनी यांच्या मल्लांना त्यांनी पराभूत केले. नंतर जपानच्या शोहाची इशिई यांच्याशी त्यांची दीर्घ झुंज झाली. तीत ते हरले. इशिई यांनीच पुढे सुवर्णपदक मिळविले आणि जपानचे त्या स्पर्धेतील ते एकमेव सुवर्ण ठरले. ती झुंज संपते न संपते तोच खाशाबांना सोव्हिएत संघाच्या रशीद मामेदबेकोव यांच्याशी लढण्यास पाचारण करण्यात आले. दोन कुस्त्यांमध्ये किमान अर्ध्या तासाची विश्रांती द्यावी, असा नियम होता. परंतु तो पंचांच्या निदर्शनास आणून देणारा एकही भारतीय अधिकारी त्या वेळी तेथे हजर नव्हता. खाशाबांना परकी भाषा नीट येत नव्हती. थकलेल्या अंगाने ते मॅटवर गेले आणि हरले. त्यांच्या वाट्याला कांस्यपदक आले. ती तारीख होती २३ जुलै १९५२. दुसऱ्याच दिवशी भारतीय हॉकी संघाने सुवर्णपदक पटकाविले व देशाचे लक्ष स्वाभाविकपणे तिकडे वळले.

त्याच स्पर्धेत कोल्हापूरचे केशव माणगावे चौथे आले, याचा तर उल्लेखही क्वचित होतो.

एखादे मोठे अन्यायकारक कारस्थान झाले असते, तर ते कदाचित इतिहासात ठळकपणे नोंदले गेले असते. येथे घडले ते साधेच होते. ज्यांनी जागेवर असावयास हवे होते, ते जागेवर नव्हते. कर्तव्यात कसूर करण्याच्या पापाची कबुली आपण प्रत्येक मिस्साच्या प्रारंभी देतो. केलेल्या पापांबरोबर न केलेल्या चांगल्या कृत्यांचीही क्षमा मागतो. त्या अर्ध्या तासाचा विचार करताना ती प्रार्थना आठवते.

खाशाबा परतले तेव्हा कराड रेल्वे स्थानकावर अफाट गर्दी लोटली होती. शंभराहून अधिक बैलगाड्या सजवून लोकांनी त्यांची मिरवणूक काढली. एरवी थोड्या वेळात कापता येणारे अंतर पार करण्यास मिरवणुकीला कित्येक तास लागले. शासनाच्या सत्काराची वाट न पाहता शेतकऱ्यांनी आपली जनावरे जुंपली, हे या भागाला शोभण्यासारखेच झाले. खाशाबांना मात्र एक ऋण अस्वस्थ करीत होते. त्यांनी कोल्हापुरात कुस्त्यांचे आयोजन केले, त्यांत स्वतः लढले आणि मिळालेल्या पैशांतून प्राचार्यांचे गहाण पडलेले घर सोडविले.

संत पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात आखाड्यातील खेळाडूंचा दाखला दिला आहे. नाशवंत मुकुटासाठी ते स्वतःला किती कठोर शिस्त लावतात, याकडे त्याने भाविकांचे लक्ष वेधले. पोप जॉन पॉल दुसरे हे तरुणपणी फुटबॉल व स्कीइंग खेळलेले. त्यांनी २००० च्या महाज्युबिलीत, दि. २९ ऑक्टोबर रोजी, रोमच्या ऑलिम्पिक स्टेडियमवर क्रीडापटूंसाठी मिस्सा अर्पण केला. ख्रिस्तसभेने खेळाला कधी हलके लेखले नाही. शिस्त, नियमपालन आणि प्रतिस्पर्ध्याचा मान या गोष्टी देहाच्या शाळेत शिकता येतात, असे ती मानीत आली आहे. आपल्या धर्मग्रामांत सणानिमित्त होणाऱ्या क्रिकेटच्या सामन्यांत पंचाच्या एका निर्णयावरून दोन आळ्यांचे संबंध वर्षभर बिघडतात, त्या मंडळींना खाशाबांचे चरित्र आवर्जून वाचावयास द्यावे!

१९५५ साली खाशाबा पोलीस दलात उपनिरीक्षक झाले. गुडघ्याच्या दुखापतीमुळे १९५६ च्या ऑलिम्पिकचे दार त्यांच्यासाठी बंद झाले. पोलीस दलात त्यांनी स्पर्धा गाजविल्या, तरुणांना शिकविले. पण बढती फार उशिरा मिळाली. सहायक पोलीस आयुक्त या पदावर ते पोचले तेव्हा निवृत्ती जवळ आली होती. निवृत्तिवेतनासाठीही त्यांना खेटे घालावे लागले, असे सांगितले जाते. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेच्या ज्योत दौडीत त्यांना सन्मानाने सहभागी करून घेण्यात आले, एवढाच काय तो मोठा मान त्यांना हयातीत लाभला. दि. १४ ऑगस्ट १९८४ रोजी मोटारसायकलच्या अपघातात त्यांचे निधन झाले.

पुढचे सारे सन्मान मरणोत्तर आहेत. शिवछत्रपती पुरस्कार १९९० च्या दशकात आला. दरम्यान १९९६ साली अटलांटात मूळच्या गोव्याच्या ख्रिस्ती कुटुंबातील लिअँडर पेस यांनी टेनिसमध्ये कांस्यपदक जिंकले, तेव्हा कोठे चव्वेचाळीस वर्षांपूर्वीच्या त्या पहिल्या पदकाची आठवण देशाला झाली. २००० सालचा अर्जुन पुरस्कार खाशाबांच्या नावे जाहीर झाला. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत दिल्लीतील कुस्तीच्या सभागृहाला त्यांचे नाव मिळाले. पद्म पुरस्कारासाठी त्यांचे कुटुंबीय व चाहते वर्षानुवर्षे मागणी करीत आले आहेत. गोळेश्वरला त्यांच्या नावाने कुस्ती संकुल उभारण्याची घोषणा झाली, पण काम इतके रेंगाळले की २०१७ साली त्यांच्या मुलाने पदकच लिलावात काढण्याची तयारी दर्शविली. त्या पैशातून तालीम तरी उभी राहील, अशी त्यामागची भावना होती.

गोळेश्वरातील जाधवांच्या घराचे नाव ऑलिम्पिक निवास असे आहे.