पोटाचे शास्त्र लिहिणारे हकीम इब्न सिना

रमजान आला की पोटाचा विषय बोलण्यात निघतोच. दिवसभर उपाशी राहिल्यावर पोटात काय होते, सहरीला किती खावे, इफ्तारला कशाने सुरुवात करावी, हे प्रश्न रोजा ठेवणाऱ्याला पडतात, तसे त्याच्या हिंदू शेजाऱ्यालाही पडतात. हजार वर्षांपूर्वी पोटाचा असाच खोलवर विचार करणारा एक थोर हकीम याच पवित्र महिन्यात जग सोडून गेला. हिजरी सन ४२८ चा रमजान, म्हणजे इसवी सन १०३७ चा जून महिना होता आणि शहर होते इराणमधील हमदान. त्या हकिमाचे नाव अबू अली इब्न सिना. युरोपने त्यांना अविसेन्ना म्हटले, तर आपल्याकडचे युनानी हकीम त्यांना बूअली सिना म्हणतात.

त्यांचा जन्म इसवी सन ९८० च्या सुमारास आजच्या उझबेकिस्तानातील बुखारा शहराजवळ अफशाना गावी झाला. वडील सामानी राजवटीत अधिकारी होते. दहाव्या वर्षी मुलाला कुराण मुखोद्गत होते. पुढे त्याने गणित, तर्कशास्त्र आणि वैद्यक आत्मसात केले. सतरा-अठरा वर्षांचा असताना आजारी अमीर नूह इब्न मन्सूर यांच्या उपचारासाठी दरबारातून त्याला बोलावणे आले. या सेवेमुळे राजग्रंथालयाचे दार उघडले आणि त्या तरुणाने तिथले ग्रंथ वाचून काढले.

सामानी सत्ता कोसळली, वडील वारले आणि इब्न सिना यांची भटकंती सुरू झाली. गुरगंज, जुर्जान, रय अशी शहरे पालथी घालत ते हमदानला पोहोचले. तिथला अमीर शम्स अद्दौला पोटशूळाने बेजार होता. हकीम या दुखण्याला कुलंज म्हणतात. त्यात मोठ्या आतड्यात कळा येतात, पोट साफ होत नाही, वात कोंडतो. इब्न सिना यांनी चाळीस दिवस राहून अमिराला बरे केले आणि पुढे ते वजीर झाले. एकदा सैन्याने बंड करून त्यांचे घर लुटले, त्यांना लपून बसावे लागले. पण अमिराची पोटदुखी पुन्हा उठली आणि वजिरी मानाने परत मिळाली.

शम्स अद्दौलाच्या मृत्यूनंतर दिवस फिरले. फर्दजानच्या किल्ल्यात ते चार महिने कैदेत होते. त्या कैदेतही त्यांची लेखणी थांबली नाही. तिथे लिहिलेल्या पुस्तकांपैकी एक कुलंजवरच होते. त्यांचा मुख्य वैद्यकग्रंथ म्हणजे अल-कानून फित्-तिब. आपण कायदेकानून म्हणतो, त्यातलाच हा कानून. पाच भागांचा हा ग्रंथ बाराव्या शतकात लॅटिनमध्ये गेला आणि सतराव्या शतकापर्यंत युरोपच्या विद्यापीठांत शिकवला जात होता.

या ग्रंथात पचनाची सुरुवात तोंडात होते. चावताना अन्न बारीक होतेच, शिवाय तिथेच त्यात बदल सुरू होतो, असे ते मांडतात. पुढे जठरात अन्न उष्णतेने शिजून पातळ होते. त्याचा सार यकृतात जाऊन रक्त बनतो, रक्तवाहिन्यांतून सर्वत्र पोहोचतो आणि अखेर प्रत्येक अवयव त्यातून स्वतःची झीज भरून काढतो. या पचनाला अरबीत हज्म म्हणतात. कुणी दुसऱ्याचे पैसे हजम केले, असे आपण मराठीत म्हणतो, तो शब्द इथलाच.

आजचे शास्त्र यातले काही मान्य करते, काही नाही. लाळेमुळे पिष्टमय पदार्थांचे विघटन तोंडातच सुरू होते, हे खरे. पण जठरात अन्न शिजत नाही. तिथले आम्ल आणि पाचक रस त्याचे विघटन करतात. पुढे सुमारे सहा मीटर लांबीच्या लहान आतड्यात यकृताचे पित्त आणि स्वादुपिंडाचा रस मिसळतो आणि अन्नातला सार रक्तात शोषला जातो. सुमारे दीड मीटरचे मोठे आतडे उरलेल्यातले पाणी घेते. रक्त मात्र यकृतात नव्हे, हाडांच्या मज्जेत तयार होते. पोट रिकामे असतानाही आतडी निजत नाहीत. साधारण दीड-दोन तासांनी एक लाट उठते आणि उरलेसुरले पुढे ढकलून आत झाडलोट करते. पोटात कावळे ओरडतात, त्यात या लाटेचाही वाटा असतो.

भूक नसताना खाऊ नये, थोडी भूक शिल्लक असतानाच हात आवरावा, आधीचे पचण्यापूर्वी वर जड अन्न लादू नये, ही कानूनची शिकवण आजही पटते.

अखेरची वर्षे इब्न सिना इस्फहानच्या अला अद्दौलाच्या पदरी होते. शिष्य जुझजानी यांनी गुरूच्या अखेरच्या आजाराची हकिकत न लपवता लिहून ठेवली आहे. मोहिमेवर असताना त्यांना स्वतःलाच कुलंज झाला. सैन्य हलले तर आपण मागे पडू, या घाईने त्यांनी एकाच दिवसात आठ वेळा एनिमा घेतला. आतड्याला जखमा झाल्या. औषधात अजमोदाचे बी सांगितल्यापेक्षा फार जास्त पडले. एका नोकराने अफूही मिसळली. थोडा उतार पडला, पण त्यांनी पथ्य पाळले नाही. हमदानच्या वाटेवर दुखणे उलटले. शरीरात आता ताकद उरली नाही, हे ओळखून त्यांनी उपचार थांबवले. चरित्रकार सांगतात की त्यांनी दानधर्म केला, गुलामांना मुक्त केले आणि कुराणपठणात मन लावले. वय होते अवघे सत्तावन्न. त्यांची कबर हमदानलाच आहे.

ज्या दुखण्याने वजिरी दिली, ज्यावर त्यांनी पुस्तक लिहिले, त्यानेच त्यांना नेले. ज्ञानात काही उणे नव्हते. उणा पडला तो सबर. पोटाची आपली एक चाल असते, तिला घाई चालत नाही आणि हुकूमही चालत नाही. रोजा दिवसभर हाच सबर शिकवतो. मगरिबची अजान झाल्यावर मात्र पहिल्या दहा मिनिटांत आपण तो विसरतो. आज खजूर आणि पाणी घेतल्यावर क्षणभर थांबू या, पुढचा घास नीट चावून खाऊ या. बूअली सिनांनी सांगितलेले पथ्य निदान आपण तरी पाळू या.