‘कोंडुरा’ लिहिणारा खाणावळवाला : चिं. त्र्यं. खानोलकर

यवतमाळ : मागच्या उन्हाळ्यातली गोष्ट. रात्री नऊला लाईन गेली ती गेलीच. अंगणात बाज टाकली, मोबाईलचा टॉर्च लावला अन् गावच्या वाचनालयातून आणलेलं एक पुस्तक उघडलं. जाडीला फार नव्हतं. दोन पानं वाचू अन् झोपू, असा विचार होता. साडेबाराला मोबाईल बंद पडला तेव्हा वीसेक पानं उरली होती. घरात जाऊन कंदील शोधला, काच पुसली अन् बाकीचं वाचून काढलं. पुस्तक संपलं, पण झोप काही आली नाही.

त्या पुस्तकाचं नाव ‘कोंडुरा’. लिहिणारे चिंतामण त्र्यंबक खानोलकर. २६ एप्रिल हा त्यांचा स्मृतिदिन. आपल्या जिल्ह्याचा अन् त्यांचा तसा संबंध नाही. ते कोकणातले, आपण कापसाच्या मुलखातले. नाव मात्र आपल्या ओळखीचं आहे. कळंबचा गणपती चिंतामणी, अन् हे चिंतामण. कळंबच्या चिंतामणीकडं लोक चिंता घालवायला जातात. या चिंतामणचं पुस्तक वाचलं की चिंता मागं लागते, एवढा फरक.

खानोलकरांचा जन्म ८ मार्च १९३० चा. गाव बागलांची राई, तालुका वेंगुर्ला. तेव्हा तो भाग रत्नागिरी जिल्ह्यात होता, सिंधुदुर्ग जिल्हा पुढं १९८१ ला झाला. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला माड-पोफळीची दाट राई, मधे कौलारू घरं. प्रत्येक वाडीचा देव वेगळा, प्रत्येक पिंपळाची गोष्ट वेगळी. रात्री कुठं जायचं अन् कुठं नाही, हे लेकरांना चालायला लागल्याबरोबर शिकवलं जायचं. आपल्याकडंही हेच आहे म्हणा. टिपेश्वरच्या जंगलाच्या कडेला राहणाऱ्या माणसाला रात्रीच्या आवाजाचं नवल कोणी सांगायला नको.

शिक्षण मॅट्रिकच्या आसपास थांबलं. कुडाळला घरची खाणावळ होती, ती चालवायची जबाबदारी अंगावर आली. खाणावळ कशी असते हे तालुक्याच्या गावात राहिलेल्या माणसाला माहीत आहे. सकाळी डाळ-तांदळाचा हिशेब, दुपारी ताटं, रात्री उधारीची वही. या धंद्यात ज्याला नाही म्हणता येतं तोच टिकतो. खानोलकरांचा जीव त्यात नव्हता, तो कवितेत होता. पण गल्ल्यावर बसणाऱ्या माणसाला एक गोष्ट फुकट मिळते, ती म्हणजे माणसं. कोर्टाच्या तारखेला आलेला, सोयरीक मोडून आलेला, बदलीवर आलेला मास्तर, सगळे जेवता जेवता बोलतात. पुढं त्यांच्या कादंबऱ्यांत जी माणसं दिसतात, ती अशा ठिकाणी बसल्याशिवाय सापडली नसती, असं मला वाटतं.

१९५४ साली मुंबईच्या ‘सत्यकथा’ मासिकात त्यांची एक कविता छापून आली अन् मराठी कवितेची जाण असलेल्या लोकांचं लक्ष कुडाळकडं गेलं. खाली नाव होतं आरती प्रभू. कवितेसाठी त्यांनी हे नाव घेतलं अन् शेवटपर्यंत ठेवलं. कविता आरती प्रभूंची, कथा-कादंबरी-नाटक खानोलकरांचं. आजही कित्येकांना हे दोघं एकच, हे माहीत नसतं.

‘सत्यकथा’ हे नाव आपल्याही जिल्ह्याच्या ओळखीचं आहे. घाटंजी तालुक्यातल्या पारव्यात जन्मलेले नाटककार महेश एलकुंचवार यांची ‘सुलतान’ ही एकांकिका १९६७ ला याच मासिकात आली अन् तिथून त्यांचं नाव झालं. कुडाळची खाणावळ असो की पारव्याचा वाडा, चांगलं लिहिणाऱ्या खेड्यातल्या माणसाला मुंबईत दार उघडून देणारं ते मासिक होतं.

खाणावळ काही चालेना. १९५९ ला खानोलकर मुंबईला गेले. त्याच वर्षी ‘जोगवा’ हा पहिला कवितासंग्रह निघाला. कवी मंगेश पाडगावकरांच्या मदतीनं आकाशवाणीत नोकरी मिळाली, पण ती फार दिवस टिकली नाही. मुंबईत पगार नसला की काय होतं, हे तिकडं कामाला गेलेल्या आपल्या पोरांना विचारा. इथून पुढं हा माणूस लेखणीवर जगायला लागला. आजही मराठीत लेखणीवर घर चालवणं अवघड आहे, तेव्हा तर विचारूच नका. पण त्याच ओढगस्तीत त्यांनी लिहिलं तेवढं फार थोड्यांनी लिहिलं असेल. १९६२ ला ‘रात्र काळी घागर काळी’, १९६५ ला ‘अजगर’, १९६६ ला ‘कोंडुरा’, १९६८ ला ‘त्रिशंकू’, १९७० ला ‘गणुराया आणि चानी’. मधेमधे कथा, कविता अन् नाटकं.

आता ‘कोंडुरा’कडं येतो. शेवट सांगणार नाही, काळजी करू नका.

वेंगुर्ल्याजवळ वायंगणीच्या बाजूला कोंडुरा नावाचा किनारा खरोखर आहे. तिथं खडकांच्या कपारीत समुद्राचं पाणी घुसतं. कादंबरीतला परशुरामतात्या हा गरीब ब्राह्मण. लग्न झालेलं, पण कमाई नाही, घरात किंमत नाही. एक दिवस अपमान सहन होत नाही अन् तो घर सोडून निघतो. लोक ज्या जागेला भितात त्या कोंडुऱ्याला पोचतो. तिथं त्याला कोणीतरी भेटतं. देव भेटला, साधू भेटला, की उपाशी डोक्याला भास झाला? लेखक सांगत नाही. तात्याच्या हातात एक मुळी येते. बाईचा गर्भ पाडणारी मुळी. सोबत अट अशी, की यापुढं ब्रह्मचर्य पाळायचं.

तो गावात परत येतो अन् सगळं बदलतं. काल ज्याला कोणी पाणी विचारत नव्हतं, आज त्याच्यावर देवाची कृपा झाली म्हणून लोक त्याच्या पाया पडतात. आधी लोकांचा विश्वास बसतो, मग त्याचा स्वतःचा. अन् मग गावातल्या मोठ्या घरातल्या एका तरण्या बाईबद्दल त्याच्या मनात संशय शिरतो. ती गरोदर आहे. तात्याला वाटतं, हे पोट कोणाचं ते आपल्याला कळलं. त्याच्याजवळ मुळी आहे. देवानं ती कशाला दिली असेल, याचं उत्तरही त्याला सापडल्यासारखं वाटतं.

यापुढं तुम्ही वाचा. पण एक सांगतो. या पुस्तकात भूत नाही, हडळ नाही, रात्री दार वाजत नाही. तरी पान उलटताना हात जड होतो. भीती वाटते ती तात्याच्या खात्रीची. तो दुष्ट माणूस नाही. आपण पुण्याचं काम करतो आहोत, असं त्याला मनापासून वाटतं. त्या बाईला एक शब्द विचारावा, असं मात्र त्याच्या मनात येत नाही. वाचताना आपणही तात्याच्याच डोळ्यांनी तिच्याकडं पाहत असतो, अन् आपलाही संशय पक्का झालेला असतो. हीच तर त्या लेखकाची कमाल. शेवटी जे कळतं, ते तात्याला जेवढं लागतं तेवढंच आपल्याला लागतं. मी त्या रात्री कंदील विझवला नाही तो यामुळं.

संशयाच्या भरात बाईमाणसाचा फैसला पारावर बसून करणारी माणसं कोणत्या तालुक्यात नाहीत? जादूटोण्याच्या विरोधात राज्यात २०१३ ला कायदा झाला. कायद्यानं बुवाला पकडता येतं. पण आपल्याला सगळं कळलं असं समजणाऱ्या साध्यासुध्या माणसाचं काय करायचं, याला कलम नाही. खानोलकर उपदेश करणारे लेखक नव्हते. देव खोटा आहे असं ते म्हणत नाहीत, खरा आहे असंही म्हणत नाहीत. अर्ध्या वाटेत आपला हात सोडतात.

‘चानी’ही तशीच. एका गावातल्या बाईला गोऱ्या सोल्जरापासून झालेली पोर. सोनेरी केस, निळे डोळे. पोरीचा गुन्हा काहीच नाही, पण गाव तिला सुखानं जगू देत नाही. ‘कोंडुरा’ वाचायला भीती वाटली तर आधी ही वाचा. भीती कमी आहे, त्रास मात्र तेवढाच.

नाटकांचं थोडक्यात सांगतो. ‘एक शून्य बाजीराव’ १९६६ ला विजया मेहतांच्या ‘रंगायन’नं केलं. जर्मन नाटककार ब्रेख्तच्या नाटकावरून त्यांनी ‘अजब न्याय वर्तुळाचा’ लिहिलं, तेही विजयाबाईंनीच बसवलं. ‘अवध्य’, ‘कालाय तस्मै नमः’ अशी आणखीही आहेत. गावच्या गणपतीत होणारी ही नाटकं नव्हेत, पण शहरात ती अजून होतात.

१९७५ ला ‘नक्षत्रांचे देणे’ हा कवितासंग्रह आला. पुढच्याच वर्षी, २६ एप्रिल १९७६ ला, मुंबईत खानोलकर गेले. वय ४६. आपल्याकडं या वयात माणूस पोरीच्या लग्नाची जुळवाजुळव करत असतो.

अन् मग सुरू झालं नावाचं कौतुक. १९७७ ला व्ही. शांताराम यांनी ‘चानी’वर सिनेमा काढला, त्यात रंजना होती. १९७८ ला श्याम बेनेगल यांनी ‘कोंडुरा’ पडद्यावर आणला. अनंत नाग परशुराम झाला, स्मिता पाटील ती तरणी बाई झाली अन् कोंडुरा झाले अमरीश पुरी. हिंदीसोबत हा सिनेमा तेलुगूतही केला, नाव ‘अनुग्रहम्’. म्हणजे वेंगुर्ल्याच्या किनाऱ्याची गोष्ट पैनगंगेपलीकडच्या आपल्या शेजाऱ्यांच्या भाषेत गेली. पांढरकवड्याहून आदिलाबादला जाणाऱ्यांनी तिकडच्या एखाद्या म्हाताऱ्याला विचारून पाहावं, कदाचित त्यानं पाहिलाही असेल. त्याच १९७८ ला ‘नक्षत्रांचे देणे’ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. दोन सिनेमे अन् देशाचा पुरस्कार, सगळं दोन-अडीच वर्षांत. घ्यायला माणूस नव्हता.

तुम्ही त्यांचं काही वाचलं नसेल, तरी ऐकलं नक्की आहे. पावसाच्या ढगाला साद घालणारं आशा भोसले यांचं एक गाणं रेडिओवर लागतं, हृदयनाथ मंगेशकरांनी चाल दिलेलं. जूनमध्ये सरकी टोबून वर पाहत बसलेल्या माणसाला ते आपलंच वाटतं. ते आरती प्रभूंचं.

‘कोंडुरा’ परत करायला निघालो तर शेजारच्या काकूंनी मागून घेतला. काकू चौथी शिकलेल्या, पण पोथी रोज वाचतात. पाच दिवसांनी पुस्तक घेऊन दारात आल्या. मला वाटलं, चांगलं होतं की वाईट ते सांगतील. त्यांनी विचारलं, ती मुळी खरी होती का. मी म्हटलं, लेखकानंच सांगितलं नाही. त्या थोडा वेळ उभ्या राहिल्या, मग त्या पोरीला कोणी आधी विचारलं का नाही, एवढंच म्हणाल्या. पुस्तक माझ्या हातात दिलं नाही. आणखी चार दिवस ठेवते, असं सांगून परत घेऊन गेल्या.