आंबा-फणसाचा हिशेब ठेवणारे रामचंद्रपंत अमात्य

बांधावरचा जुना रायवळ आंबा लाकूडवाल्याला देण्याआधी कर्जत-खालापूरच्या शेतकरी बंधूंनी रामचंद्रपंत अमात्यांची हकीकत जरूर वाचावी.

पंतांचे घराणे मूळ कल्याण-भिवंडी भागातले. म्हणजे आपली उल्हास नदी कर्जतहून खाली जिकडे जाते, तो मुलूख. वडील निळो सोनदेव शिवरायांच्या कारभारात होते. 1674 साली राज्याभिषेक झाला, तेव्हा अष्टप्रधानांत अमात्यपद, म्हणजे राज्याच्या जमाखर्चाचे काम, तरुण रामचंद्रपंतांकडे होते. माणूस हिशेबाचा, एवढे ध्यानात ठेवा.

1689 साली संभाजीराजे मारले गेले. राजाराम महाराज दूर जिंजीला गेले आणि मागे मुलूख सांभाळायची जबाबदारी पंतांवर आली. महाराजांनी त्यांना हुकुमतपन्हा हा किताब आणि सर्व अखत्यार दिला. औरंगजेबाची फौज दारात, पैशाची ओढाताण, आणि गड एकेक करून लढवायचे! संताजी-धनाजींसारखे सेनापती हाताशी धरून पंतांनी ते निभावले. पुढे ताराबाईंच्या आणि मग कोल्हापूरकर संभाजीराजांच्या कारभारातही ते होते.

1715 साली, उतारवयात, त्यांनी राज्य कसे चालवावे यावर आज्ञापत्र लिहिले. त्यातला झाडांचा मजकूर भाषणांतून शिवरायांचे पत्र म्हणून सांगतात. कागद पंतांचा, धडा मात्र शिवरायांच्या हाताखालीच गिरवलेला.

आरमाराला लाकूड लागतेच. पंतांचे म्हणणे असे, की रानातला साग परवानगीने तोडावा, कमी पडला तर विकत आणावा. आंबा-फणसाचे लाकूडही कामाचे असते, पण त्याला हात लावू नये. का, तर ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत. रयतेने ती पोरांसारखी वाढवलेली असतात. ती तोडली तर तिच्या दुःखाला पार राहत नाही. दुसऱ्याला दुखवून साधलेला फायदाही टिकत नाही. शिवाय झाडे नसली, की नुकसान होते ते वेगळेच. हा नुसता दयेचा विचार नाही, अमात्याचा ताळेबंद आहे. रायवळ आंब्याला फळ धरायला आठ-दहा वर्षे लागतात, मग तो दोन-तीन पिढ्या देत राहतो. लाकडाचे पैसे एकदाच येतात आणि पावसाळ्याआधी संपतात, हे आपण गावोगाव बघतोच.

गडांबद्दल तर पंत फारच कडक. गडावर आंबा, फणस, चिंच, वड, पिंपळ लावावेत, राखावेत. अडीअडचणीला तेच लाकूड उपयोगी. गडाच्या घेऱ्यातल्या रानाची काठीसुद्धा तोडू देऊ नये, कारण ती झाडी हेच गडाचे कुंपण. आपल्याकडच्या कोथळीगडाच्या, इर्शाळगडाच्या चढणीला ज्याने पाय लावलेत, त्याला हे वेगळे सांगायला नको.

पंत 1716 साली पन्हाळ्यावर वारले. तिथे त्यांची समाधी आहे.

एक फरक मात्र ध्यानात घ्या. पंतांच्या वेळी झाड तोडायला येई तो सरकारचा माणूस, आणि त्याच्यापासून रयतेला वाचवायचे होते. आज लाकूडवाल्याला निरोप आपणच धाडतो. 1964 च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आंबा आणि फणस आहेत, त्यामुळे परवानगीचा अर्ज करावा लागतो. पंतांची अट त्याहून अवघड होती: झाड अगदी जीर्ण, निरुपयोगी झालेले पाहिजे, मालक राजी पाहिजे, आणि त्याला पैसे देऊन संतुष्ट केल्यावरच कुऱ्हाड लावायची.